मुक्कामी गाडीचा डोंगर

मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांपासून ढाकोबाचा डोंगर सरळ रेषेत मोजला तर शंभर किलोमीटरच्या आत भरतो. तरी एसटीनं निघालेल्या माणसाला त्याच्या आसपासच्या गावात पोचेपर्यंत दिवस मावळतो. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटमाथा संपून जिथे कोकणात कोसळतो, तिथे हा डोंगर उभा आहे. उंची चार हजार फुटांच्या आगेमागे. दक्षिणेला त्याचा सोबती दुर्ग, उत्तरेला दाऱ्या घाट, त्यापलीकडे जीवधन आणि नाणेघाट. एका रात्रीच्या मुक्कामात दुर्ग आणि ढाकोबा दोन्ही बघून होतात.

आमच्या आधीच्या पिढीतले डोंगरभटके आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ चाळून आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर बोट फिरवून इथल्या वाटा शोधत. आता वाट मोबाइलमध्ये असते. पण तेव्हाही आणि आताही लिहिलं जातं ते बहुतेक माथ्याविषयी. तिथवर नेणाऱ्या गाडीविषयी फार कोणी लिहीत नाही. मला ते लिहायचं आहे, कारण या डोंगराकडे जाण्याची रीत हा त्या डोंगराच्या ओळखीचाच भाग आहे, असं मी मनापासून मानतो. आंबे-हातवीजच्या बाजूला जाणारी एसटी आपल्यासाठी सोडलेली नसते. ती तिथल्या माणसांची असते. आपण तिच्यात बसलो, तर डोंगराकडे त्या माणसांच्या बाजूनं बघायला शिकतो.

जुन्नरपर्यंत

पुण्याहून निघायचं तर वाकडेवाडीच्या स्थानकावरून जुन्नर किंवा नारायणगावची गाडी धरायची. राजगुरुनगर, मंचर, कळंब करत नाशिक रस्त्यानं नारायणगाव येतं. मुंबईकरांची वाट कल्याण, मुरबाडवरून माळशेज घाट चढते.

नारायणगावचा मुलूख बागायती आहे. द्राक्षं, ऊस, आणि टोमॅटोनं भरलेल्या क्रेटच्या थप्प्या. याच पट्ट्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. बिबट्याही मुख्यतः याच उसात राहतो. शहरातून येणारा माणूस घाटमाथ्यावरच्या रानात रात्री बिबट्याला घाबरतो. पण जुन्नरच्या बिबट्याची खरी झळ लागते ती रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला आणि वस्तीवरच्या लेकरांना. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावं लागलं, ते याच बागायती पट्ट्यातल्या संघर्षामुळे.

जुन्नर मात्र पश्चिमेकडे तोंड करून बसलेलं गाव आहे. शिवनेरी डोक्यावर, भोवती तुळजा, मानमोडी, लेण्याद्री या डोंगरांत कोरलेली दोनशेहून अधिक लेणी. २०१८ मध्ये राज्य सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यात शिवनेरी आहे. पाहुण्यांचा ओघ शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि पावसाळ्यात नाणेघाट इथे वाहतो. त्याच तालुक्याची दुर्गवाडीकडची कड त्या ओघाच्या बाहेर राहिली आहे.

दुपार कलली की जुन्नरच्या स्थानकात या कडेची माणसं जमायला लागतात. हातात बाजाराच्या पिशव्या, तेलाचा डबा, कोंबड्यांचं खाद्य, दवाखान्याची फाईल. कॉलेज सुटलेली मुलं-मुली. पाठीवर मोठी सॅक घेतलेला माणूस दिसला की आधी त्याला विचारतात, कुठलं गाव, कोणाकडं निघाला. उत्तर ‘दुर्गावर’ असं आलं तरी दुसरा प्रश्न तोच असतो: रातच्याला कोणाकडं? या प्रश्नाचं उत्तर प्रवासाच्या आधीच ठरवून ठेवावं, हे मी प्रत्येक नवख्याला सांगतो.

रात्रीचा थांबा

मुक्कामी गाडी हा महाराष्ट्रातल्या ग्रामीण वाहतुकीचा कणा. पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली, आणि पुढच्या दशकांत ‘रस्ता तिथे एसटी’ म्हणत ती वाडीवस्तीपर्यंत पोचली. शेवटच्या गावात रात्री रिकामी गाडी परत आणण्यात अर्थ नसतो, आणि गावाला खरी गरज असते ती सकाळच्या फेरीची. म्हणून संध्याकाळी गेलेली गाडी गावातच थांबते. चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओट्यावर किंवा गाडीतच अंग टाकतात. गावातलं कोणी ना कोणी भाकरी देतं. उजाडायच्या आत गाडी सुरू होते आणि शाळकरी पोरं, आजारी माणसं, कचेरीची कामं घेऊन तालुक्याला निघते.

त्या गावांसाठी ही फेरी किती मोलाची आहे, हे ती बंद पडते तेव्हा कळतं. कोविडच्या टाळेबंदीनं आणि पाठोपाठ २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपानं दुर्गम गावांचा तालुक्याशी असलेला धागाच तुटला. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, पगार अपुरा होता. आणि गावांचे हालही खरे होते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याआधी २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. अशा सवलतीचा खरा अर्थ डोंगरातल्या गाडीत बसल्यावर समजतो. दवाखान्याला जायचं की नाही, हा निर्णय इथल्या म्हातारीच्या हातात येतो तो तिकिटामुळे.

जुन्नर सोडलं की आपटाळे येतं. पुढे एक फाटा चावंड, घाटघरकडे, दुसरा मीना नदीच्या खोऱ्यानं इंगळूणकडे. द्राक्षबागा मागे पडून भातखाचरं सुरू होतात. इंगळूणनंतर रस्ता वळणं घेत चढायला लागतो आणि आंबे, हातवीजच्या पठारावर येतो. ही महादेव कोळी समाजाची गावं. भात, नाचणी, वरई ही पिकं. आणि रोख पैशासाठी हिरडा.

हिरडा या पट्ट्याचं अर्थशास्त्र आहे. आत बी धरायच्या आधीच कोवळी फळं झोडून गोळा करतात, वाळवतात. हा बाळहिरडा औषधासाठी व्यापाऱ्यांकडे जातो. उन्हाळ्यात अंगणात, छपरावर, कातळावर काळपट हिरड्याचे पसारे दिसतात. लग्न, शाळेची फी, पावसाळ्याआधीचा किराणा हे सगळं या पैशावर चालतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकण ओलांडून इथे आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली हिरड्याची झाडं आडवी झाली. भरपाईसाठी लोकांना पुढे कित्येक वेळा मोर्चे काढावे लागले. झाड पडलं की नवं झाड फळाला येईपर्यंत एक पिढी मोठी होते, हे सरकारी पंचनाम्याच्या रकान्यात मावत नाही.

रात्री पडवीत अंथरूण मिळतं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. पावसाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर रानभाजी. पैसे विचारले तर बरेच यजमान संकोचतात. म्हणून जेवणाचा आणि राहण्याचा हिशेब आधीच मोकळेपणानं बोलून घ्यावा आणि रास्त पैसे द्यावेत. पाहुणचार हा त्यांचा धर्म असेल, पण त्या ताटातलं धान्य वर्षाच्या साठ्यातून येतं.

पाणी जपून वापरावं. हा मुलूख पावसाळ्यात धारांनी झोडपला जातो, आणि मार्च-एप्रिलमध्ये याच गावांतल्या बाया हंडे घेऊन झऱ्याशी नंबर लावतात. बेसाल्टचा खडक वरचं पाणी फार धरून ठेवत नाही, ते वाहून जातं. खाली मीना नदीवर वडज, कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, पुष्पावतीवर पिंपळगाव जोगे, घोड नदीवर डिंभे अशी पाच धरणं मिळून कुकडी प्रकल्प होतो. त्याचं पाणी कालव्यांनी पूर्वेला शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोचतं. जिथे पाऊस पडतो तिथली माणसं उन्हाळ्यात तहानलेली राहतात. डोंगरावर चढताना ही गोष्ट पायाखाली असते. पाठीवरच्या बाटल्या गावातल्या हंड्यातून भरताना ती विसरता येत नाही.

दुर्ग ते ढाकोबा

पहाटे मुक्कामी गाडी निघून जाते आणि आपण उलट्या दिशेला, कड्याकडे निघतो. दुर्गवाडीच्या पुढे देवराईत दुर्गादेवीचं ठाणं आहे. तिथून थोड्या चढानं दुर्गाचा माथा येतो. नावाचा किल्ला असला तरी तटबुरुजांचे अवशेष फारसे नाहीत. हे घाटवाटांवर नजर ठेवायचं ठिकाण. माथ्यावर उभं राहिलं की ते का, हे लगेच कळतं. पश्चिमेला जमीन संपते. सुमारे तीन हजार फुटांची सरळ उतरंड, तळाशी मुरबाडचा मुलूख, दक्षिणेला गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके आणि सिद्धगड.

दुर्गाहून ढाकोबाकडे जाणारी वाट पठारावरून, ओढ्यांतून आणि गर्द झाडीतून उत्तरेला सरकते. निवांत चाललं तर तीन-चार तास. गुरं राखणाऱ्यांच्या वाटा ठिकठिकाणी फुटतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यानं गावातला वाटाड्या घ्यावाच. वाटाड्या नुसती दिशा दाखवत नाही. कुठल्या ओढ्याला आता पाणी आहे, कुठल्या कपारीत आग्या मोहोळ बसलंय, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, हे त्याला त्या आठवड्यापुरतं ताजं ठाऊक असतं. नकाशात हे कधीच नसतं.

ढाकोबाचं देऊळ डोंगराच्या अलीकडे मोकळ्या जागी आहे. इथे देव डोंगराचा आहे आणि डोंगर देवाचा. म्हणून देवळाशी बसून आधी पाणी प्यावं, जोडे बाहेर ठेवून हात जोडावेत आणि मग शेवटची चढण धरावी. माथ्यावरून उत्तरेला जीवधन, त्याला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका आणि नाण्याचा अंगठा ओळखू येतात. कड्याच्या काठावर पोटावर झोपून खाली बघितलं की छातीत धडधड होते. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा खडक तयार झाला. त्या थरांच्या रेघा कड्यावर पायऱ्यांसारख्या मोजता येतात.

परत हातवीजला यायचं कारण नाही. ढाकोबाहून पूर्वेला मीना खोऱ्यात आंबोलीत उतरता येतं, दोन-अडीच तास लागतात, आणि तिथून जुन्नरकडे जाणारी गाडी गाठता येते. चढायला एक गाव, उतरायला दुसरं, अशी ही यात्रा एसटीच्या प्रवाशालाच सोपी पडते. स्वतःची मोटार आणलेल्याला मोटारीपाशी परत जावं लागतं.

हा डोंगर आडवाटेला कधी गेला?

आज आपण या कडेला दुर्गम म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वी हीच देशातली मोठी वर्दळीची कड होती. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटानं वर चढून जुन्नरमार्गे प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला जात असे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिच्या घराण्यानं केलेल्या यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणांचे आकडे त्यात कोरले आहेत, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या पुराव्यांत त्यांची गणना होते. १८२८ च्या सुमारास कर्नल साइक्सनं या लेखाकडे विद्वानांचं लक्ष वेधलं. पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्यावर मोलाचं काम केलं. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण लोक आजही जकातीचा रांजण म्हणून दाखवतात.

नाणेघाट एकटा नव्हता. दाऱ्या घाट, ढाकोबा-दुर्गाभोवतालच्या वाटा, आहुप्याचा घाट, भीमाशंकरच्या वाटा, अशा कित्येक वाटांनी कोकण आणि देश जोडलेले होते. मीठ आणि सुकी मासळी वर येई, धान्य खाली जाई. डोंगराची इंच न् इंच माहिती असलेले महादेव कोळी नाईक पिढ्यान्‌पिढ्या या घाटांची राखण करत. १६३० च्या दशकात निजामशाहीचा शेवटचा वारस जीवधनावर होता आणि शहाजीराजांनी त्याला पुढे करून राज्य सावरायची धडपड केली, ती याच मुलखात. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ल्यांच्या वाटा सुरुंगानं उडवल्या. १८४० च्या दशकात राघोजी भांगरे यांनी इंग्रज आणि सावकारांविरुद्ध बंड उभारलं तेव्हाही त्यांना आधार होता तो याच डोंगररांगेचा. २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

मग १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे चढली. माल आणि माणसं त्या दोन वाटांनी जायला लागली. मधल्या घाटांवरची वर्दळ ओसरत गेली आणि माथ्यावरची गावं, जी कधी हमरस्त्यावर होती, ती तालुक्याच्या कडेला पडली. डोंगर होता तिथेच राहिला. रस्ते त्याच्यापासून दूर गेले. म्हणून मला वाटतं, इथल्या माणसांनी डांबरी रस्ता, दवाखाना, मोबाइलचा टॉवर मागितला की ‘निसर्ग बिघडेल’ असं म्हणण्याचा हक्क शहरातून रात्रीपुरत्या आलेल्या कोणालाही नाही.

आंबेगावची बाजू

दुर्गाच्या दक्षिणेला आंबेगाव तालुका लागतो. इकडचा डोंगर गाठायचा तर मंचर, घोडेगाव, डिंभे करत आहुप्याची गाडी. डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असं नाव आहे. म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार तरुण १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. ज्या आंबेगावावरून तालुक्याचं नाव पडलं, ते मूळ गाव याच पाण्याखाली आहे. कचेरी घोडेगावला चालते.

याच खोऱ्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ ला डोंगराचा कडा घसरून गाव गाडलं गेलं आणि १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या त्या माणसाला रोजचं गाव जागेवर दिसलं नाही. दोन दिवस कोणाला पत्ता लागला नसता, तो काही तासांत लागला, कारण त्या रस्त्यानं रोज एक गाडी जात होती. वाचलेल्यांसाठी आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं.

आहुपे, डोण हा परिसर भीमाशंकर अभयारण्यात मोडतो. १९८५ मध्ये ते शेकरूच्या रक्षणासाठी जाहीर झालं. आहुप्याची देवराई पाहिल्याशिवाय परत येऊ नये. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि गावानं देवाच्या नावानं राखलेलं जंगल विज्ञानाच्या दृष्टीनंही किती मोलाचं आहे ते दाखवून दिलं. आहुप्याच्या कड्यावरून खोपिवलीकडे उतरणारी जुनी घाटवाट आजही चालती आहे. सराव असेल आणि पाऊस नसेल, तरच ती धरावी.

जाताना

या सहलीचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. जुलै-ऑगस्टमध्ये माथा ढगात असतो, कड्याची कड दिसत नाही आणि ओढे घटकेत भरतात. प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी बंदी घालतं. तिचा मान राखावा. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय तंबू टाकू नये, शेकोटी पेटवू नये. वाळलेल्या गवताला लागलेली ठिणगी एका संध्याकाळीत हिरड्याची राई खाऊन टाकते.

गाडीच्या वेळा आगारात विचारून घ्याव्यात. त्या शाळा, सण आणि गाड्यांच्या उपलब्धतेप्रमाणे बदलतात. गाडीत जागा कमी असेल तर सॅक मांडीवर घ्यावी. ती जागा बाजारातून थकून निघालेल्या बाईची आहे. जोडीला किराणा गावातल्या दुकानातून घ्यावा, मध आणि हिरडा थेट माणसाकडून घ्यावा.

माझी एक मागणी एसटी महामंडळाकडे आहे आणि एक आपल्याकडे. महामंडळानं जुन्नर, नारायणगाव, मंचरच्या मुक्कामी फेऱ्यांचं वेळापत्रक लोकांना सहज मिळेल असं मांडावं आणि चालक-वाहकांसाठी शेवटच्या गावात निजायची धड खोली, शौचालय आणि पाणी द्यावं. ग्रामपंचायत जागा देऊ शकते. दुरुस्तीचा खर्च फार नाही. आणि आपण, डोंगरावर जीव असलेल्या सगळ्यांनी, निदान एका सहलीला मोटार घरी ठेवून या गाडीचं तिकीट काढावं. फेरी तोट्यात आहे म्हणून बंद करायचा प्रस्ताव आला, तर त्या कागदावर आपल्या तिकिटांचे आकडेही असतील. गावाला सकाळची गाडी मिळत राहील, पोरं कॉलेजला जातील, म्हातारी दवाखान्यात पोचेल. आपल्या एका रात्रीच्या भटकंतीतून डोंगराला परत देता येण्यासारखी याहून चांगली गोष्ट मला तरी दुसरी दिसत नाही.